पंप आणि सत्तेचाळीस स्वल्पविराम

दम्याचा पंप वापरायला दोन बोटं आणि एक तोंड एवढंच लागतं, असं डॉक्टरीणबाईंनी वाचस्पतींना सांगितलं. त्याला तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे चारचौघांत अब्रू गुंडाळून बाजूला ठेवायची तयारी. तिच्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. वयाने लहान होत्या. अब्रूचं वजन माणसाला पन्नाशीनंतर कळतं, आणि वाचस्पती सत्तावन्न वर्षांचे होते.

वाचस्पती हे त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे, ती छापखान्यातली पदवी. सरकारी छापखान्याच्या प्रूफांच्या खोलीत ते बावीस वर्षं मूळ प्रत मोठ्याने वाचत आले होते. समोरच्या खुर्चीवर खूणमास्तर बसत, छापील मजकुरावर बोट ठेवत आणि फरक दिसेल तिथे लाल शाईने खूण करत. कायदे, नियम, अधिसूचना, पाणीपट्टीचे दर, सगळं ह्या दोघांच्या मधून जायचं. खूणमास्तर मितभाषी होते, म्हणजे सकाळी "या" आणि संध्याकाळी "येतो" म्हणत. मधली सगळी भाषा वाचस्पतींच्या वाट्याला आलेली. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या बाइंडिंग खात्यातल्या बायका म्हणायच्या, "आज कुठला कायदा चाललाय ते आम्हाला इथे बसून पाठ होतं."

विरामचिन्हं मात्र वाचस्पती तोंडाने उच्चारत नसत. ते दोघांत फार पूर्वी ठरून गेलेलं होतं. आवाज खाली आला की पूर्णविराम, नुसते थांबले की स्वल्पविराम. हे ठरलं तेव्हा वाचस्पतींची फुप्फुसं तरुण होती. पुढेमागे ती आपल्या मर्जीने मध्येच थांबायला लागतील, हा मुद्दा तेव्हा कोणी चर्चेला घेतला नव्हता.

"श्वासनळ्या आकसल्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा पंप त्या उघडतो. सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचा नाही. आधी हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग तोंडात धरून दाबता दाबता सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे रोखून धरायचा. एकदा करून दाखवता का?"

"त्याची गरज नाही," वाचस्पती म्हणाले. "डबीत कागद असेलच. वाचून घेतो."

पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ ह्या एका वाक्यात आहे.

कागद होता. घडी उलगडली तर टेबलावर मावेना एवढा, आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं. वाचस्पतींनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि पावणेदोन तास तो कागद वाचला. एकाच परिच्छेदात फुप्फुस, फुफ्फुस आणि फुफुस असे तिन्ही प्रकार पाहून त्यांना जो संताप आला त्याने दम आणखी लागला. एकूण एकतीस चुका निघाल्या. त्या सगळ्या समासात व्यवस्थित दुरुस्त करून त्यांनी कागदाखाली तारीख घालून सही केली आणि तृप्त होऊन उठले. आता गंमत अशी आहे की छापखान्यात मुरलेला माणूस वाचताना अर्थाच्या वाटेला जात नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की काना निसटतो. त्यामुळे पंप कसा घ्यावा हे सोडून त्या कागदातलं सगळं वाचस्पतींना ठाऊक झालं होतं.

पहिला फवारा त्यांनी झाकणासकट घेतला.

"काही आलं नाही," ते म्हणाले.

"झाकण काढा," बायको म्हणाली. ती कणीक मळत होती आणि तिने मान वर केली नव्हती.

झाकण काढून त्यांनी पंप तोंडाशी नेला, दाबला, आणि चटकन तोंड मिटून औषध गिळून टाकलं. वर अर्धा पेला पाणी प्यायले. औषध म्हटलं की गिळायचं, ही सत्तावन्न वर्षांची शिकवण दोन मिनिटांत कशी पुसली जाणार?

आता बायकोने मान वर केली. "अहो, तुमच्या नाकातून धूर येतोय."

"ती औषधी वाफ आहे."

"मग ती आत राहायला नको का?"

"थोडी आत, थोडी बाहेर, असंच असतं ते," वाचस्पती म्हणाले. "कागदावर सगळं दिलंय."

नेमके त्याच वेळी समोरचे कंपाउंडरकाका कालचं वर्तमानपत्र परत द्यायला आले. चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून ते निवृत्त झाले होते आणि आता इमारतीतल्या सतरा बिऱ्हाडांना विनामूल्य घाबरवत असत. टेबलावरचा पंप पाहून ते खुर्चीत बसले. न विचारता बसले, यावरून प्रकरण गंभीर आहे हे ओळखावं.

"पंपापर्यंत आलं?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

"आलं म्हणजे काय, डॉक्टरांनी दिलाय."

"देणारच. पंप म्हणजे शेवटचा थांबा. एकदा धरला की सुटत नाही. सवय लागते."

"चष्मासुद्धा एकदा लागला की सुटत नाही," बायको म्हणाली. "तो लावताच ना तुम्ही?"

"वहिनी, चष्मा नाकावर असतो. हे आत जातं," असं म्हणून कंपाउंडरकाका उठले. जाताना त्यांनी वाचस्पतींच्या खांद्यावर ज्या पद्धतीने थोपटलं, त्या पद्धतीने आपण फक्त दिवंगत माणसाच्या मुलाला थोपटतो.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. चार दिवस माणसं येत राहिली. कोणी आलं घेऊन आलं, कोणी ओवा, कोणी नुसतीच लांब चेहऱ्याने बसून गेली. वरच्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "औषधं कसली घेता? श्वास बेंबीपासून यायला हवा. उद्या क्लासला या." वाचस्पती गेले. आठ-नऊ वर्षांच्या सात मुलींच्या रांगेत मांडी घालून बसले आणि बेंबीपासून 'सा' लावला. तो निघाला, छातीपर्यंत आला आणि तिथेच बसला. शेवटच्या मुलीने त्यांना धीर यावा म्हणून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणसाचा इतका अपमान होऊ शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यानंतर वाचस्पतींनी ठरवलं, की पंप दिसता कामा नये. तो चष्म्याच्या जुन्या घरात गेला. घरी कोणी पाहुणा असला की फवारा चुकायचा, आणि पाहुणा रोजच असायचा.

इकडे छापखान्यात वेगळीच तऱ्हा चालली होती. नवे व्यवस्थापक आले होते, आणि मोठ्याने वाचणारा माणूस हल्लीच्या काळात हवाच कशाला, याची ते पाहणी करत होते. रोज कुठल्या तरी वेळी प्रूफांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि हातातल्या वहीत काहीतरी टिपत. वाचकाची जागा रद्द झाली तर वाचस्पतींची रवानगी जावक-टपालात होणार होती. तिथे पाकिटं चिकटवायची असतात, आणि पाकीट चिकटवताना तोंड उघडलेलं चालत नाही. अशा वेळी आपल्याला दम लागतो हे सांगणं म्हणजे आपणच आपल्या बदलीचा हुकूम वाचून दाखवणं. म्हणून ते घाम पुसत, पाणी पीत आणि वाचत राहत.

त्या पंधरवड्यात त्यांनी नगरपालिकेची बाजार नियमावली वाचली.

नियमावली छापून बाजारात लागली त्या दिवशी दुपारी बाजार निरीक्षकांच्या संघटनेचे चिटणीस छापखान्यात आले ते टेबलावर मूठ आपटतच. नियम आठ-ब मुळात असा होता: 'बाजार निरीक्षक मोकाट जनावरे व भटकी कुत्री पकडून कोंडवाड्यात ठेवतील.' वाचस्पतींना 'निरीक्षक' या शब्दापाशी दम लागला होता. छापून आलं ते असं: 'बाजार निरीक्षक, मोकाट जनावरे व भटकी कुत्री पकडून कोंडवाड्यात ठेवतील.'

"सकाळी एक कांदेवाला दोर घेऊन आला माझ्याकडे," चिटणीस म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "म्हणतो, चला साहेब, नियम आहे. वर विचारतो, कुत्र्यांच्या बाजूला ठेवू की म्हशींच्या?"

व्यवस्थापकांनी नियमावली मूळ प्रतीशी ताडून पाहिली. मूळ प्रतीत नसलेले सत्तेचाळीस स्वल्पविराम निघाले. सत्तेचाळीसही ठिकाणी खूणमास्तरांच्या हातची लाल खूण होती. खूण ज्याची, गुन्हा त्याचा. दुसऱ्या दिवशी खूणमास्तरांच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस येऊन पडली. आठ दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास निलंबन.

वाचस्पतींनी ती नोटीस वाचली, मनातल्या मनात वाचली, तरी त्यांना दम लागला.

"तुम्ही सांगा ना," ते म्हणाले, "की मी थांबलो म्हणून तुम्ही खूण केलीत."

खूणमास्तरांनी नोटीस घडी करून खणात ठेवली. "बघू," ते म्हणाले.

तो दिवस वाचस्पतींना फार वाईट गेला. खरं तर त्यांनी तडक व्यवस्थापकांच्या खोलीत जायला हवं होतं. दोनदा उठलेही. पण पाय दारापर्यंत गेले की डोळ्यांसमोर जावक-टपालातला डिंकाचा डबा यायचा. शेवटी त्यांनी भेकड माणसाची वाट धरली. खुलाशाच्या तारखेआधी ठणठणीत व्हायचं, एका दमात नियमावली वाचून दाखवायची आणि चूक यंत्रावर ढकलायची. ठणठणीत व्हायचं म्हणजे चुकलेले फवारे सुरू करायला हवेत, आणि तेही कोणाला न दिसता. त्यासाठी त्यांनी जागा निवडली ती कागदाच्या गोदामाची. अख्ख्या छापखान्यात सगळ्यात जास्त धूळ जिथे, तिथे दम्याचा पंप घ्यायला जाणारा माणूस त्यांच्याआधी कोणी झाला नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कागदाच्या गठ्ठ्यांमागे उभे राहून फवारा मारत होते, खोकत होते, नाकातून वाफ काढत होते, तेवढ्यात झाडू घेऊन मावशी आत आल्या. छापखान्याची झाडलोट गेली वीस वर्षं मावशींकडे होती आणि साहेब लोकांची भीती त्यांना पहिल्या आठवड्यातच राहिली नव्हती.

"साहेब, झुरळं मारताय होय?"

"नाही, मी जरा..." वाचस्पतींना पुढे खोकला आला.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, जवळ येऊन पंप पाहिला आणि स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून तस्साच एक पंप काढला. त्यांच्या पंपाला दोरा बांधलेला होता.

"आठ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दाखवा बघू, कसा घेता?"

वाचस्पतींनी दाखवला. मावशींनी कपाळावर हात मारला.

"अहो, गिळताय काय! पाणी आहे का ते? पोटाला दम लागलाय का तुमच्या? आधी इथनं बाहेर चला, ह्या धुळीत मेलेला माणूस पण खोकेल."

मागच्या पायरीवर, उघड्या हवेत, त्यांनी वाचस्पतींना उभं केलं. "ताठ राहा. हलवा. आता आतला सगळा वारा सोडा. अजून. पोटात दडवून ठेवू नका. आता ओठ मिटून धरा, आणि ओढता ओढता दाबा. हळू! चहा भुरकताय का? हां. धरा. मी मोजते."

मावशी मोजत होत्या आणि वाचस्पती गाल फुगवून, डोळे मोठे करून उभे होते. दहा झाल्यावर त्यांनी श्वास सोडला. मिनिटभराने दुसरा फवारा घेतला. मग थोडा वेळ दोघं तिथेच पायरीवर बसले. दहा-पंधरा मिनिटांनी छातीवरचा पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाचस्पतींना वाटलं. इतक्या दिवसांत औषध पहिल्यांदाच घशाच्या खाली योग्य दिशेने गेलं होतं.

"मावशी, तुम्ही हे सगळ्यांसमोर घेता?"

"मग? कोपऱ्यात गेले आणि तिथेच पडले तर कोण बघायला येणार? आधी मलाही लाज वाटायची. एकदा जिन्यात बसले, बोलता येईना, हाक मारता येईना. तेव्हा लाज आली नाही पाणी घेऊन." त्या उठल्या. "डॉक्टरांकडे जा आणि नीट शिकून घ्या. मी काय, माझ्या परीने सांगितलं."

वाचस्पती गेले. डॉक्टरीणबाईंनी ह्या वेळी करून दाखवल्याशिवाय खुर्चीतून उठूच दिलं नाही. मग म्हणाल्या, "तुमचं दाबणं आणि ओढणं अजून नीट जमत नाहीये. तुम्हाला स्पेसर देते." हे स्पेसर म्हणजे प्लास्टिकचं नळकांडं, चांगलं मोठ्या तांब्याएवढं. एका टोकाला पंप बसवायचा, दुसरं टोक तोंडात. फवारा आधी नळकांड्यात जमतो, मग निवांत ओढायचा. "फार जोरात ओढलंत तर ते शिट्टी वाजवतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे हळू ओढा असं समजायचं." जी वस्तू चष्म्याच्या घरात लपवायची म्हणून एवढा खटाटोप, ती आता कडेवर घेऊन हिंडायची वेळ आली.

फाटकावर पहारेकऱ्याने अडवलंच. छापखान्यात बाहेरचं उपकरण न्यायचं तर नमुना भरावा लागतो. "वस्तू?" पहारेकऱ्याने विचारलं. "नळकांडं." "प्रयोजन?" "श्वास." पहारेकऱ्याने ते रकान्यात सावकाश लिहिलं. "परत बाहेर कधी नेणार?"

"काय, नळकांडं की श्वास?" वाचस्पती म्हणाले. नमुन्यात तसा रकाना नव्हता म्हणून तो प्रश्न तिथेच सुटला.

चार दिवसांत फरक पडला. जिना चढताना बोलता येऊ लागलं, बायकोशी वाद घालताना शेवटचा शब्द आपला राहू लागला, निदान शेवटून दुसरा. आणि जसजसा दम परत आला तसतशी मनातली ती यंत्रावर ढकलायची युक्ती त्यांना आवडेनाशी झाली. चौकशीच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्यासाठी ते निलंबित होणार?" ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

"मला काय सांगताय? तिकडे जाऊन सांगा. जावक-टपालात पाठवलं तर पाठवू देत. डिंक मी खलून देईन."

चौकशीला व्यवस्थापक होते, मिशाळ चिटणीस होते आणि भिंतीशी खूणमास्तर उभे होते. त्यांचा खुलासा समोर ठेवलेला होता. तो एकाच ओळीचा: 'खुणा माझ्या आहेत.' वाचस्पतींना कोणी बोलावलं नव्हतं. ते नळकांडं काखेत घेऊन आत गेले.

"ते सत्तेचाळीस स्वल्पविराम माझे आहेत," ते म्हणाले.

"तुम्ही खुणा करत नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"मी श्वास घेत होतो. ह्यांना वाटलं स्वल्पविराम."

एवढं बोलून त्यांनी सगळ्यांसमोर पंप हलवला, बसवला, श्वास सोडला आणि नळकांडं तोंडाला लावलं. सकाळचा फवारा घाईत राहून गेला होता, आणि मावशींचं ऐकायचं तर घ्यायचा तो चारचौघांतच. पण सगळ्यांच्या नजरा अंगावर होत्या, त्यामुळे जरा जोरातच ओढलं गेलं. नळकांड्याने लांब, कर्कश शिट्टी मारली. चिटणीस खुर्चीतून अर्धे उठले. गेले काही दिवस बाजारात त्यांच्या मागे पोरंसोरं शिट्ट्याच मारत होती. बाहेर शिपायाला सुट्टी झाल्यासारखं वाटलं. वाचस्पती मात्र हलले नाहीत. गाल फुगवून, नजर समोरच्या घड्याळावर लावून ते मनात आकडे मोजत राहिले, आणि अख्खी चौकशी दहा आकडे गप्प बसून राहिली.

मग हळूच, शिट्टीविना दुसरा घेऊन त्यांनी नियमावली उचलली आणि आठ-ब वाचला. मग नऊ. मग दहा, ज्याच्यात पोटनियम सात होते. आवाज जुन्या ताकदीने भिंतीवर आपटून परत आला. पलीकडे बाइंडिंग खात्यात कोणीतरी म्हणालं, "आले परत." मूळ प्रतीत स्वल्पविराम होता तिथेच ते थांबले.

व्यवस्थापकांनी बराच वेळ आपली वही चाळली. चौकशीच्या नमुन्यात चुकीच्या कारणासाठी चार रकाने होते: यंत्रदोष, मनुष्यदोष, शाईदोष, इतर. बरीच चर्चा होऊन श्वास 'इतर'मध्ये बसला. दोघांना लेखी समज मिळाली. यापुढे प्रत्येक विरामचिन्ह तोंडाने उच्चारायचं असा आदेश निघाला, आणि त्यासाठी मोठ्याने वाचणारा माणूस असणं आलंच, त्यामुळे ती जागाही राहिली. चिटणिसांनी एकच अट घातली, की शुद्धिपत्र तीन दिवसांत बाजारात लागलं पाहिजे, आणि कांदेवाल्याच्या गाळ्यावर सगळ्यात आधी.

दुपारी दोघं आपल्या खोलीत येऊन बसले. शुद्धिपत्राचं प्रूफ आलं होतं. वाचस्पतींनी नळकांडं टेबलावर, शाईच्या बाटलीशेजारी उघडंच ठेवलं.

"मला माहीत होतं," खूणमास्तर अचानक म्हणाले.

"काय?"

"ते स्वल्पविराम नव्हते. पहिल्या पानावरच कळलं होतं."

"मग खुणा कशाला केल्यात?"

खूणमास्तरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत बसवलं. "साहेब रोज दारात उभे असायचे. तुम्ही वाक्याच्या मध्येच थांबायचात, घाम पुसायचात. म्हटलं, त्यांनी येऊन विचारलं, इथे का थांबले, तर कागदावर काहीतरी कारण असावं."

वाचस्पतींनी तोंड उघडलं. छातीत हवा भरपूर होती, नळ्या उघड्या होत्या, तरी बोलायला शब्द मिळेना.

खूणमास्तरांनी प्रूफ पुढे ओढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचा," ते म्हणाले. "सावकाश."